सहा सुंदर वह्या आणि ४० पैकी १९

एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी दहावीत, सेमी इंग्रजी. रोज संध्याकाळी तीन-साडेतीन तास नोट्स काढते. जेल पेन, हायलायटर, चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या, सगळा सरंजाम आहे. सहा वह्या भरल्या. सहामाहीत मात्र विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी २३, बीजगणितात १९ आणि मराठीत ८० पैकी ५१. ‘पुस्तक समोर ठेवून ती प्रत्येक धडा नीट उतरवून काढते, तरी पेपरात आठवत नाही. पद्धतीत काही चुकतंय, की क्लासच्या तयार नोट्स आणून देऊ?’ असं त्या विचारतात.

ताई, दुखणं तुमच्याच वाक्यात आहे: ‘पुस्तक समोर ठेवून’. पुस्तक समोर असलं की अक्षरं डोळ्यांतून शिरतात आणि बोटांतून बाहेर पडतात, मध्ये डोक्याला फारसं काम उरत नाही. तीन तास बसल्याचा थकवा खरा असतो, म्हणून अभ्यास झाल्यासारखंही खरंच वाटतं. तुमची मुलगी आळशी नाही आणि मठ्ठही नाही. ती मेहनत चुकीच्या टोकाकडून करते आहे.

हे मी वरच्या पायरीवर उभा राहून सांगत नाही. तालुक्याच्या गावी विज्ञान आणि गणित शिकवायला लागलो, त्याला आता २६ वर्षं झाली. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मी स्वतः फळ्यावर नोट्स लिहायचो आणि पोरं उतरवायची. वर्ग शांत, वह्या पूर्ण, तपासायला सोप्या, पालक खूश. एका वर्षी डोळ्यांचे दोष शिकवताना घाईत माझ्या हातून चूक झाली. निकटदृष्टितेवर उपाय म्हणून मी अंतर्वक्र भिंगाऐवजी बहिर्वक्र लिहिलं. ४६ मुलांनी ते जसंच्या तसं उतरवलं. कोणी हात वर केला नाही. पहिल्या बाकावरच्या पोराच्या नाकावर तर मायनसचा चष्मा होता. त्याने तो काढून काच मध्ये जाड आहे की कडेला, एवढं चाचपलं असतं तरी माझी चूक पकडली असती. घटक चाचणीत तीसेक जणांनी बहिर्वक्र लिहिलं तेव्हा मला कळलं की त्या तासाला वर्गात कोणीच विचार करत नव्हतं. मीही नव्हतो. त्यानंतर फळ्यावर नोट्स देणं बंद केलं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच सांगतो. मुलीला अपूर्णांक किंवा चिन्हांचे नियम सातवी-आठवीपासूनच कच्चे असतील, तर दहावीच्या नोट्स कितीही सुधारल्या तरी बीजगणितातले १९ फार हलणार नाहीत. आधी ते जुनं भोक बुजवावं लागेल. लिहिण्याचाच त्रास असलेली मुलंही असतात. त्यांना बोलून, ऐकून किंवा तयार नोट्स वापरून अभ्यास करू द्यावा, तिथे माझी वही-पद्धत लादू नये. आणि दहावीनंतर वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेकडे जायचं असेल तर तिथला बहुपर्यायी प्रश्नांचा खाक्या वेगळा, तेव्हाच्या नोट्स वेगळ्या. मी बोलतोय ते राज्य मंडळाच्या दहावीबद्दल आणि सर्वसाधारण मुलीबद्दल.

मी मुलांना नियम एकच घालून देतो: नोट्स पुस्तक मिटल्यावर लिहायच्या. धडा वाचायचा, पुस्तक बंद करायचं, कोऱ्या पानावर आठवेल ते आपल्या शब्दांत लिहायचं, आकृती काढायची. मग पुस्तक उघडून जे राहिलं, जे चुकलं, ते लाल पेनाने भरायचं. हायलायटर मी बंद करायला सांगत नाही, पण त्याचं काम बदलतो. ‘महत्त्वाचं’ रंगवायचं नाही. महत्त्वाचं काय हे पुस्तकाने ठळक टाईपात आधीच छापलेलं असतं. ‘मला आठवलं नाही’ ते रंगवायचं. उजळणीच्या वेळी डोळा तिथेच गेला पाहिजे.

याला आधारही आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमच्या मुलीची गोष्ट यात जवळपास पूर्ण सापडते. रात्री वही मिटताना तिला सगळं ‘येत’ असतं, कारण पाच मिनिटांपूर्वीच ते डोळ्यांखालून गेलेलं असतं. पेपर आठवड्यांनी येतो.

सुंदर वहीवर माझा राग आहे असं मात्र समजू नका. पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता, तेव्हा १८१२ मध्ये त्याला हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकायला मिळाली. तिथे त्याने त्रोटक टिपणं घेतली, घरी येऊन ती आकृत्यांसकट सविस्तर लिहून काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि थेट डेव्हीकडे पाठवली. पुढच्याच वर्षी त्याला डेव्हीच्या हाताखाली काम मिळालं. ती वही देखणीच होती. पण क्रम बघा: आधी ऐकलं, मग दोन-चार शब्दांच्या आधाराने आठवून उभं केलं, आणि शेवटी सजवलं. आपल्याकडे सजावटीपासून सुरुवात होते.

इथपर्यंतचं सगळ्या विषयांना सारखं लागू. खरी गंमत पुढे आहे, कारण विज्ञान, गणित आणि मराठी या तिघांत मुलं वेगवेगळ्या जागी अडतात. सहाही वह्या एकाच साच्याच्या असतील, म्हणजे शीर्षक, व्याख्या, मुद्दे, चौकट, तर तो साचा फार तर एका विषयाला बसेल.

विज्ञानात मुलं कारणाच्या जागी नाव लिहितात. उष्णतेच्या धड्यातला नेहमीचा प्रश्न घ्या: थंड प्रदेशात तळ्याचं पाणी गोठलं तरी मासे जिवंत राहतात, का? वहीत उत्तर असतं, ‘पाण्याच्या असंगत आचरणामुळे’. हे त्या घटनेचं नाव झालं. कारण पाच-सहा कड्यांचं आहे. हवा गार होते तसं वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली जातं, खालचं वर येतं. असं होत होत सगळं पाणी ४ अंश सेल्सिअसला येतं. ४ अंशाला पाण्याची घनता सर्वांत जास्त असते. त्याखाली आणखी गार झालेलं पाणी उलट प्रसरण पावतं, हलकं होतं, म्हणून वरच राहतं. तेच शून्य अंशाला गोठतं. बर्फ पाण्याहून हलका, तो तरंगतो, आणि उष्णतेचा दुर्वाहक असल्यामुळे खालच्या पाण्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तळाशी पाणी ४ अंशाला द्रवरूपात राहतं, आणि त्यात मासे.

यातली एक कडी गाळून बघा. ‘४ अंशाखाली प्रसरण पावतं’ हे गाळलं तर गार पाणी खालीच जात राहील, तळं तळापासून गोठेल आणि मासे मरतील. म्हणून माझ्या वर्गात विज्ञानाच्या नोट्स म्हणजे बाणांची साखळी. एक गोष्ट, बाण, पुढची गोष्ट, आणि प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारायचं, ‘हे का?’ ज्या बाणाला उत्तर नाही, तिथे लाल खूण. व्याख्या मी वेगळ्या लिहायला सांगतच नाही, साखळीत त्या आपोआप येतात.

आकृत्यांचं तसंच. पेशीविभाजनाच्या चार अवस्थांची नावं मुलं पाढ्यासारखी म्हणतात: पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. मग विचारावं, ‘मध्यावस्थेत गुणसूत्रं कुठे असतात?’ की शांतता. न बघता चार गोल काढायला लावा. पेशीच्या मधोमध ओळीने उभी असलेली गुणसूत्रं तिसऱ्या चित्रात दोन टोकांकडे ओढली गेली पाहिजेत. चित्र चुकलं तर लगेच दिसतं. पाठ केलेल्या परिच्छेदात चूक लपून राहते.

विज्ञानातली उदाहरणं ही मुलं गणितासारखी सोडवतात आणि आकृती विसरतात. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर, प्रतिमा कुठे? चिन्हसंकेताप्रमाणे वस्तूचं अंतर उणे ३० घेतलं की प्रतिमा ६० सेंमीवर येते, उलटी आणि दुप्पट. ते उणे विसरलं की उत्तर येतं १२. आता किरणाकृती डोक्यात असेल तर १२ बघूनच खटकायला हवं. वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्या मध्ये आहे, म्हणजे प्रतिमा पलीकडे ४० सेंमीच्या पुढे पडणार. १२ कुठून आलं? म्हणून भिंगाच्या सूत्राशेजारी वहीत शब्द नकोत, वस्तूच्या वेगवेगळ्या जागांच्या लहान किरणाकृत्या हव्यात. सूत्र कुठे घसरलं हे त्याच सांगतात.

सेमीच्या मुलांबद्दल एक वेगळी गोष्ट. तुमची मुलगी विज्ञान इंग्रजीत वाचते, पण विचार बहुधा मराठीत करते. इंग्रजी वाक्य न समजता पाठ करणं हा सेमीचा मोठा धोका आहे. मी सांगतो, बाणांची साखळी पहिल्यांदा मराठीत लिही, शब्द हवे तर इंग्रजी ठेव: ‘डेन्सिटी वाढली, म्हणून खाली गेलं’. समजलं की मग इंग्रजी वाक्यं कर. बालभारतीची मराठी आणि इंग्रजी माध्यमाची पुस्तकं धड्याला धडा जुळतात आणि दोन्हींच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट मिळतात. रिफ्रॅक्शनचा धडा अडला की अपवर्तनाचा उघडायचा. कितीतरी घरांत ही सोय माहीतच नसते आणि शेदोनशेचं गाईड आणलं जातं.

आता गणित. इथे थोडं कठोर बोलतो: गणिताला नोट्स नसतात. सोडवलेली उदाहरणं दुसऱ्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवणं म्हणजे पोहण्याचे फोटो काढणं. गणितासाठी दोनच वह्या. एक कच्ची, तिथे कितीही खाडाखोड चालेल. दुसरी चुकांची वही, आणि माझ्या मते नोट्स हीच.

चुकांच्या वहीत पूर्ण उदाहरण उतरवायचं नाही. फक्त चूक कुठे झाली आणि पुढच्या वेळी ती कशी पकडायची, एवढंच. एक नमुना देतो. तुमच्या लेकीच्या वहीत एक्स असेल, मी जुन्या सवयीने क्ष लिहितो. समीकरण आहे २क्ष² − ७क्ष + ३ = ०. वर्गसमीकरण सोडवायच्या सूत्रात सुरुवातीला ‘उणे ब’ येतं, ब म्हणजे क्षच्या मागची संख्या. इथे ब आधीच उणे ७ आहे, म्हणून उणे ब म्हणजे अधिक ७. बरोबर उत्तरं ३ आणि १/२. अनेक मुलं तिथे उणे ७ तसंच ठेवतात आणि उणे ३ व उणे १/२ काढून मोकळी होतात. बाकी सगळ्या पायऱ्या अगदी बरोबर असतात, म्हणून चूक दिसत नाही. चुकांच्या वहीत एवढंच लिहायचं: ‘ब स्वतः उणे असेल तर थांब. उत्तर मूळ समीकरणात घालून बघ.’ उणे ३ घालून पाहिलं तर शून्याऐवजी ४२ येतात. अर्ध्या मिनिटाचं काम.

दुसरा नमुना अंकगणिती श्रेढीचा. तीन अंकी संख्यांपैकी किती संख्यांना ७ ने निःशेष भाग जातो? पहिली १०५, शेवटची ९९४. फरक ८८९, भागिले ७ म्हणजे १२७. निम्मा वर्ग इथे थांबतो. उत्तर १२८ आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने वहीत लिहिलं होतं: ‘हाताला बोटं पाच, फटी चार. भागाकाराने फटी मिळतात, विचारलीत बोटं.’ इतकी चांगली नोट मी २६ वर्षांत लिहू शकलो नाही. ती तिची होती, तिच्या चुकीतून आलेली होती, म्हणून ती विसरणार नव्हती. आता मी ती सगळ्यांना सांगतो, पण दुसऱ्याची नोट तेवढी लागू पडत नाही हेही बघतो.

भूमितीत अडचण वेगळी. तिथे मुलं म्हणतात, ‘सर, सोडवून दाखवलं की कळतं, पण आपलं आपल्याला सुचत नाही.’ याचं कारण वहीत सिद्धता असते, पण ती कशावरून सुचली हे नसतं. म्हणून प्रत्येक सोडवलेल्या उदाहरणाखाली एक ओळ: काय दिसल्यावर काय आठवायला हवं होतं? स्पर्शिका दिसली की स्पर्शबिंदूला त्रिज्या जोड, काटकोन मिळतो. मध्यगा आणि बाजूंचे वर्ग एकत्र दिसले की अपोलोनियसचं प्रमेय आठव. उंची-अंतराच्या गणितात अवनत कोन म्हटलं की वरून आडवी रेषा काढ आणि तिथून खाली मोज, मनोऱ्याच्या उभ्या भिंतीपासून नव्हे. अशा वीस-पंचवीस ओळी झाल्या की भूमिती हलकी वाटू लागते.

इथे कोणीतरी रामानुजनचं उदाहरण देतं, म्हणून उत्तर देऊन ठेवतो. रामानुजनच्या वह्यांत नुसते निष्कर्ष होते, सिद्धता जवळपास नव्हत्या. कागद महाग, म्हणून तो पाटीवर सोडवायचा, कोपराने पुसायचा आणि उत्तर तेवढं वहीत लिहायचा. त्या वह्यांतली एकेक ओळ सिद्ध करून छापण्यात ब्रूस बर्न्ट या गणितज्ञाची कित्येक वर्षं गेली, १९८५ ते १९९८ या काळात त्याचे पाच खंड निघाले. आपल्या लेकरांच्या पायऱ्या भरून काढायला असा कोणी बसणार नाही. मंडळाच्या पेपरात गुण पायऱ्यांना असतात.

मराठीबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. पण आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचं टेबल माझ्या शेजारी होतं, चौदा वर्षं. पेपर तपासताना त्या जे बडबडायच्या ते ऐकून मी बरंच शिकलो. त्यांचं पेटंट वाक्य होतं, ‘सर, हे सगळं एकाच पोराने लिहिलंय का हो?’ कारण रसग्रहणाचं प्रत्येक उत्तर ‘प्रस्तुत अभंगात संत तुकाराम महाराजांनी सज्जनांची लक्षणे सांगितली आहेत’ इथून सुरू व्हायचं आणि तीच विशेषणं त्याच क्रमाने यायची. चूक काही नाही, पण उत्तर लिहिणारं पोरगं त्यात कुठे आहे?

त्या एका अभंगावर त्या दोन तास घालवायच्या. ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’ हा सगळ्यांना तोंडपाठ असलेला. पुढे ओळ येते, ‘मृदु सबाह्य नवनीत, तैसे सज्जनांचे चित्त’. नवनीत म्हणजे काय विचारलं की अर्धा वर्ग दप्तरातून गाईड काढून दाखवायचा. हसून झालं की बाई म्हणायच्या, नवनीत म्हणजे लोणी. आता सांगा, तुकोबांनी ‘सबाह्य’ का म्हटलं? नुसतं मऊ म्हणून का नाही थांबले? एका पोरीने उत्तर दिलं, ‘बोर बाहेरून मऊ असतं, आत आठळी लागते. नारळ बाहेरून कडक, आत मऊ. लोणी आतबाहेर सारखंच.’ तुलना उपमेची आहे हे ‘तैसे’वरून कळतं, त्याला एक गुण. पण सबाह्य या एका शब्दावर असं चार ओळी लिहिणारी मुलगी काव्यसौंदर्याचे सगळे गुण घेऊन जाते, आणि ते बोर तिला कोणत्याही गाईडात सापडणार नाही.

त्याच अभंगात ‘ज्यासी आपंगिता नाही, त्यासी धरी जो हृदयी’ असं आहे. मुलं धडाधड अपंग असा अर्थ लिहितात. आपंगिता म्हणजे जवळ करणारा, सांभाळणारा. ज्याला सांभाळणारं कोणी नाही, त्याला हृदयाशी धरतो तो साधू. ‘आपुले म्हणणं’ जे पहिल्या ओळीत आलं, तेच इथे पुन्हा वेगळ्या शब्दात येतं. हे वहीत टिपलेलं असलं की आशयाचं उत्तर स्वतःच जुळतं.

म्हणून साहित्याच्या नोट्सना माझा, म्हणजे बाईंचा, साचा असा: पानाच्या डाव्या अर्ध्यात कवितेतली किंवा पाठातली नेमकी ओळ, उजव्या अर्ध्यात तिने स्वतः त्या ओळीला विचारलेला प्रश्न आणि तिला सुचलेलं उत्तर, मोडकंतोडकं का असेना. सारांश लिहायचा नाही, तो पुस्तक वाचून पाच मिनिटांत कळतो. पाठांच्या नोट्सना आणखी एक पान जोडायचं, स्वतःच्या अनुभवांचं. ‘स्वमत’ आणि ‘अभिव्यक्ती’च्या प्रश्नांत मुलं अडतात ती भाषेमुळे कमी आणि ऐनवेळी उदाहरण न सुचल्यामुळे जास्त. आजीचं आजारपण, गावची जत्रा, पुराच्या वेळी शेजाऱ्यांनी काय केलं, असे सात-आठ प्रसंग दोन-दोन ओळींत टिपलेले असले तर कुठल्याही पाठाच्या स्वमताला त्यातला एखादा बसतो.

व्याकरण आणि शुद्धलेखन मात्र गणिताच्या रांगेत. तिथे चुकांची वहीच. प्रत्येक मुलाच्या चुका ठरलेल्या असतात: कोणी ‘परिक्षा’ लिहितं, कोणी ‘आणी’. आपल्या दहा-पंधरा शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर असली की पुरे. सगळे नियम पाठ करायची गरज नाही. पत्रलेखनाचा वगैरे आराखडा एकदा टिपायचा, मग नोट्स बंद आणि दर रविवारी एक पत्र, वेळ लावून.

उजळणी कधी, हेही विचारलं जातं. ठरीव आकडे देणारे बरेच भेटतील. मी एवढंच सांगतो की विसरणं सुरुवातीला वेगाने होतं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच अर्थहीन अक्षरजुळण्यांचे प्रयोग करून हे मांडलं होतं. म्हणून पहिली उजळणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे, मग अंतर वाढवलं तरी चालतं. आमच्याकडची मुलं शाळेतून आल्यावर दहा मिनिटं, मग शनिवारी, मग महिनाअखेर असं करतात. उजळणी म्हणजे वाचन नव्हे. उजवी बाजू झाकून, डावी बघून ती सांगायची, किंवा साखळीचा पहिला शब्द बघून बाकीची म्हणायची.

राहिला तयार नोट्सचा प्रश्न. आणायच्या तर आणा, पण आपल्या वहीनंतर, ताळा करायला. तिने साखळी लिहून झाल्यावर तयार नोट्सशी ताडून पाहिली तर काय सुटलं ते कळतं. आधी हातात दिल्या तर त्या उतरवल्या जातील आणि आपण पुन्हा जिथे होतो तिथे. आणि त्यांच्यातही चुका असतात. माझ्या फळ्यावर झाली, तशी कोणाच्याही हातून होते.

आधीच्या सहा वह्या टाकून देऊ नका, तिचे महिने त्यात गेले आहेत. प्रत्येक धड्याच्या मथळ्याखाली एक चिठ्ठी चिकटवायला सांगा आणि त्यावर तीन-चार प्रश्न लिहायला लावा, ज्यांची उत्तरं त्या पानावर आहेत. पान झाकून उत्तरं द्यायची. त्या रंगीत चिठ्ठ्या घरात आहेतच.

पहिले दहा-बारा दिवस जड जातील, याची तयारी ठेवा. पुस्तक मिटल्यावर पान निम्मं कोरं राहील, दिवसाला एका धड्याऐवजी अर्धाच होईल आणि ‘मला काहीच येत नाही’ म्हणून ती रडकुंडीला येईल. ते आधीही येत नव्हतंच, फक्त दिसत नव्हतं. त्या दिवसांत वहीचं अक्षर बिघडलं म्हणून बोलू नका. या रविवारी एक करून बघा: स्वयंपाक करता करता तिला तळ्यातल्या माशांचं समजावून सांगायला लावा, पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून. तुम्हाला विज्ञान येत नसेल तर आणखी बरं. जिथे तुम्ही ‘म्हणजे काय गं?’ विचाराल आणि ती अडखळेल, तिथे तिला लाल पेन उचलू द्या.